कलणाऱ्या उताराची नोंद : गतिसंवेदक आणि मायक्रोकंट्रोलरच्या साहाय्याने कल व परिभ्रमणाचे मापन

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. १३ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्री हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, कोत्रोपी येथे, महामार्गावर डोंगर कोसळून ४६ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेक जण राज्य परिवहनाच्या बसमधील प्रवासी होते. ३० जुलै २०२४ रोजी, म्हणजे माळीणच्या दुर्घटनेनंतर बरोबर दहा वर्षांनी आणि त्याच तारखेला, केरळमधील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै व चूरलमला ही गावे उद्ध्वस्त झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार हिमाच्छादित प्रदेश वगळता देशाचे सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे १२.६ टक्के क्षेत्र दरडप्रवण आहे. अर्थात हा प्रश्न एका राज्याचा अथवा एका पर्वतरांगेचा नाही.

सर्वच दरडी पूर्वसूचना देऊन कोसळत नाहीत. तथापि अनेक उतार कोसळण्यापूर्वी काही तास, क्वचित काही दिवस, हळूहळू सरकू लागतात. जमिनीला भेगा पडतात, झाडे व विजेचे खांब एका बाजूस झुकतात, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. डोंगरात राहणाऱ्यांना या खुणा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. परंतु जो कल डोळ्यांना जाणवतो तो बराच पुढे गेलेला असतो. त्याआधीचा, अंशाच्या दहाव्या किंवा शंभराव्या भागाएवढा कल मोजता आला, तर गाव रिकामे करण्यास अवधी मिळू शकतो. केरळमधील मुन्नार येथे अमृता विश्व विद्यापीठाने २००९ पासून उभारलेल्या बिनतारी संवेदकजाळ्यात पावसाचे प्रमाण व मातीतील पाण्याचा दाब यांच्या जोडीला कलमापकांचाही उपयोग करण्यात आला. मंडी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेनेही त्याच परिसरातील उतारांसाठी अल्पखर्चिक यंत्रणा विकसित केली असून तिचा गाभा हातातील भ्रमणध्वनीत असतो त्याच जातीचा सूक्ष्म गतिसंवेदक आहे.

हाच संवेदक आज शाळेच्या प्रयोगशाळेतही पोहोचला आहे. नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानांतर्गत २०१६ पासून स्थापन झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमध्ये सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना मायक्रोकंट्रोलर व संवेदक हाताळावयास मिळतात. दिवे लुकलुकविण्यापलीकडे या साहित्याचा उपयोग होत नसेल, तर तो दोष साहित्याचा नव्हे. कल मोजण्याचा प्रयोग त्रिकोणमिती, यामिकी आणि संगणक-आज्ञावली या तिन्ही विषयांना एकत्र आणतो. मापनातील चूक कशी ओळखावी हा पाठ्यपुस्तकात फारसा न सापडणारा विषयही तो शिकवितो.

ओळंब्याचे आधुनिक रूप

भिंत सरळ उभी आहे की नाही हे गवंडी ओळंब्याने पाहतो आणि तळ सपाट आहे की नाही हे पाणसळीने. दोन्ही साधनांचा आधार एकच, गुरुत्वाकर्षणाची दिशा. त्वरणमापक म्हणजेच ॲक्सेलरोमीटर हाही तत्त्वतः एक ओळंबाच आहे. सिलिकॉनच्या चकतीत कोरलेले अतिसूक्ष्म वस्तुमान तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले असते. संवेदक कलला की ते वस्तुमान किंचित सरकते, शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर बदलते, त्यामुळे विद्युत धारिता बदलते आणि हा बदल आकड्यात रूपांतरित केला जातो. परस्परांना लंब अशा तीन अक्षांवर ही रचना असल्याने गुरुत्वाकर्षणाचा कोणता भाग कोणत्या अक्षावर येतो हे कळते. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटते. टेबलावर स्थिर ठेवलेला संवेदक शून्य त्वरण न दाखविता वरच्या दिशेने १ जी त्वरण दाखवितो. याचे कारण असे की त्याला गुरुत्वाकर्षण थेट जाणवत नाही. टेबल त्याला ज्या बलाने वर तोलून धरते ते बल जाणवते. तोच संवेदक मुक्तपणे खाली पडत असताना जवळपास शून्य दाखवील.

जायरोस्कोपचे कार्य निराळे. फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको याने १८५२ मध्ये हे नाव रूढ केले तेव्हा ते वेगाने फिरणारे जड चक्र होते. आजच्या चिपमध्ये चक्र नसते, सतत कंप पावणारे सूक्ष्म वस्तुमान असते. चिप फिरू लागली की कोरिऑलिस परिणामामुळे या वस्तुमानावर कंपनाच्या दिशेशी काटकोनात बल पडते, आणि त्या बलावरून फिरण्याचा वेग कळतो. म्हणजे जायरोस्कोप कोन मोजत नाही, कोन किती वेगाने बदलतो आहे हे मोजतो. कोन हवा असेल तर त्या वेगाची काळानुसार बेरीज करीत जावे लागते. हा भेद नीट लक्षात न घेतल्यास पुढील सारे गणित चुकते.

जोडणी आणि कच्चे आकडे

या प्रयोगासाठी सर्वाधिक प्रचारात असलेली जोडी म्हणजे एमपीयू-६०५० ही संवेदक चिप आणि अर्डुइनो उनो हा फलक. अर्डुइनोचा जन्म २००५ च्या सुमारास इटलीतील इव्रेया या गावी, विद्यार्थ्यांना स्वस्तात आणि सहज प्रयोग करता यावेत या हेतूने झाला. उनो फलकावरील मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. त्यात आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि चालू आकडेमोडीसाठी अवघी २ किलोबाइट स्मृती असते. कल मोजण्यास एवढी पुरते.

चिपला चार तारा जोडाव्या लागतात. वीज, जमीन, घड्याळाची तार आणि माहितीची तार. उनोवर माहितीची तार ए-४ ला व घड्याळाची ए-५ ला जाते. वीज मिळताच चिप निद्रावस्थेत असते, म्हणून १०७ क्रमांकाच्या नोंदकक्षात शून्य लिहून तिला जागे करावे लागते. पहिल्या प्रयत्नात सगळे आकडे शून्य येण्याचे हे नेहमीचे कारण. त्यानंतर ५९ व्या कक्षापासून सलग १४ बाइट वाचले की तीन अक्षांवरील त्वरण, चिपचे तापमान आणि तीन अक्षांवरील परिभ्रमणवेग एकाच वेळी हाती येतात. प्रत्येक राशी दोन बाइटमध्ये विभागलेली असते. त्या जोडून उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या दरम्यानचा आकडा मिळतो. त्वरणाचा पल्ला २ जी ठेवल्यास १६,३८४ हा आकडा १ जी दर्शवितो, आणि परिभ्रमणाचा पल्ला सेकंदाला २५० अंश ठेवल्यास १३१ हा आकडा सेकंदाला एक अंश दर्शवितो. बाजारात याच नावाने वेगळ्या चिपही विकल्या जातात. ११७ व्या कक्षात १०४ हा आकडा मिळतो की नाही हे आरंभीच तपासलेले बरे.

आता कोन काढावयाचा. एकाच अक्षाचा विचार केला तर त्यावरील त्वरण हे कलाच्या कोनाच्या साइनएवढे असते. सपाट स्थितीपासून संवेदक एक अंश कलला तर आकडा सुमारे २८६ ने बदलतो. परंतु हाच अक्ष जवळजवळ उभा असताना, म्हणजे ९० अंशांपासून ८९ पर्यंत येताना, आकडा जेमतेम अडीचने बदलतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की जो अक्ष आडवा आहे तोच कलाबाबत संवेदनशील असतो आणि उभा अक्ष त्या कामी जवळजवळ आंधळा असतो. म्हणून दोन किंवा तीन अक्षांचे गुणोत्तर घेऊन व्यस्त टॅन्जंटने कोन काढणे श्रेयस्कर. अर्डुइनोच्या भाषेत त्यासाठी दोन संख्या स्वीकारणारे तयार फल उपलब्ध आहे व ते चारही चरणांतील कोन बरोबर ओळखते. उत्तर रेडियनमध्ये येत असल्याने ५७.२९६ ने गुणून अंश करावे लागतात.

एक मर्यादा मात्र कायमची आहे. ओळंब्याभोवती गोल फिरले तरी ओळंबा हलत नाही, त्याचप्रमाणे उभ्या अक्षाभोवतीचे परिभ्रमण त्वरणमापकाला कळत नाही. ते जायरोस्कोपवर किंवा चुंबकीय होकायंत्रावर सोपवावे लागते.

दोन साक्षीदार, दोन दोष

त्वरणमापक व जायरोस्कोप या दोघांचे दोष परस्परविरुद्ध आहेत. त्वरणमापकाचे आकडे दीर्घकाळात विश्वासार्ह असतात, पण क्षणोक्षणी थरथरतात. शेजारून ट्रक गेला, खांबाला गुरे घासली, वारा सुटला की ती सगळी हालचाल त्याला कल वाटते. जायरोस्कोप क्षणिक हालचाल अचूक टिपतो, पण त्याच्या शून्यात दोष असतो. स्थिर ठेवलेली चिपही आपण फिरतो आहोत असे थोडेफार सांगत राहते. आरंभी हजार वाचनांची सरासरी काढून हा दोष वजा केला, तरीही समजा सेकंदाला अंशाचा विसावा भाग एवढी चूक शिल्लक राहिली. ही चूक मिनिटाला तीन अंश आणि तासाला १८० अंश होते. न हललेला खांब तासाभरात उलटा झाल्याचे यंत्र सांगू लागते!

हलत्या वस्तूंसाठी, उदाहरणार्थ स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या दुचाकी यंत्रमानवासाठी किंवा ड्रोनसाठी, यावर पूरक गाळणी नावाचा साधा उपाय करतात. आधीच्या कोनात जायरोस्कोपने सांगितलेला बदल मिळवावयाचा, त्या बेरजेला ०.९८ ने गुणावयाचे आणि त्वरणमापकाने सांगितलेल्या कोनाला ०.०२ ने गुणून त्यात टाकावयाचे. सेकंदाला शंभर वेळा ही क्रिया केली तर अर्ध्या सेकंदापेक्षा जलद घडामोडींत जायरोस्कोपचे ऐकले जाते आणि त्याहून मंद बदलांत त्वरणमापकाचे. दोन वाचनांमधील काळ मात्र गृहीत न धरता प्रत्यक्ष मोजावा. पडद्यावर आकडे छापण्यात वेळ गेला की शंभराची गती साठवर येते आणि कोन चुकू लागतो.

डोंगराच्या उतारासाठी मात्र ही गाळणी लागत नाही, इतकेच नव्हे तर ती अपायकारक ठरू शकते. उतार तासाला अंशाचा अल्पांश एवढ्या गतीने कलतो. ही गती जायरोस्कोपच्या स्वतःच्या दोषापेक्षा कितीतरी लहान आहे. येथे जायरोस्कोप बंदच ठेवावा, म्हणजे वीजही वाचते. महागडे साधन हाती आहे म्हणून ते वापरलेच पाहिजे, हा मोह विद्यार्थ्यांप्रमाणे अभियंत्यांनाही होतो.

अंशशोधन

चिपच्या तांत्रिक पत्रिकेनुसार आडव्या दोन अक्षांचा शून्यदोष ५० मिली-जीपर्यंत असू शकतो. कोनाच्या भाषेत हा जवळपास तीन अंश होतो. म्हणून वापरापूर्वी प्रत्येक चिपचे अंशशोधन आवश्यक आहे. त्यासाठी चिप चौकोनी ठोकळ्यावर पक्की बसवून ठोकळ्याच्या सहाही बाजू आळीपाळीने खाली ठेवाव्यात. समजा एक अक्ष वर असताना सरासरी १६,७०० आली आणि तोच अक्ष खाली असताना उणे १६,०००. दोहोंच्या बेरजेचे निम्मे, ३५०, हा शून्यदोष झाला. वजाबाकीचे निम्मे, १६,३५०, हे त्या अक्षाचे खरे १ जी. तिन्ही अक्षांसाठी अशा सहा संख्या वहीत व आज्ञावलीत नोंदवाव्यात.

सरासरी काढताना एक खाचखळगा असतो. उनोवर साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. १६,३८४ ची दोनदा बेरीज केली की ती ओलांडली जाते आणि उत्तर एकाएकी ऋण होते. बेरजेसाठी दीर्घ पूर्णांक घ्यावा. दिवसभर तारा तपासूनही न सापडणारी चूक पुष्कळदा इथे असते.

पडताळणीसाठी महाग उपकरण नको. एक मीटर लांबीची सरळ फळी एका टोकाला बिजागरीने बसवावी, पाणसळीने सपाट करावी आणि दुसरे टोक उचलावे. ते १७.४५ मिलिमीटर उचलले की एक अंश, ८७.२ मिलिमीटरला पाच अंश, १७३.६ ला दहा आणि ५०० मिलिमीटरला बरोबर तीस अंश होतात. पट्टीने मोजलेला कोन व चिपचा कोन यांचा आलेख सरळ रेषेत आला की विद्यार्थ्यांचा यंत्रावर विश्वास बसतो. तो सरळ आला नाही, तर अधिकच शिकायला मिळते.

खरी कसोटी : तापमान

उतारासाठी किती बारीक माप हवे? टोक्यो विद्यापीठातील तारो उचिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान व चीनमधील उतारांवरील अनुभवावरून असे सुचविले की कलण्याची गती तासाला ०.०१ अंशावर गेली की सावध व्हावे आणि तासाला ०.१ अंशावर गेली की इशारा द्यावा. आता चिपची क्षमता पाहू. तिच्या आकड्यातील एक एकक सुमारे ०.००३५ अंशाएवढे असते. नॉइजमुळे एकेका वाचनात दीड ते दोन दशांश अंशाची थरथर येते. परस्परांपासून स्वतंत्र अशा शंभर वाचनांची सरासरी घेतल्यास ती एक दशांश, म्हणजे ०.०२ अंशाच्या आसपास उतरते, आणि चारशेच्या सरासरीने आणखी निम्मी. तासाला ०.१ अंश ही गती त्यामुळे तासाभरातच ओळखू येईल आणि ०.०१ अंशासाठी काही तास थांबावे लागेल. कागदावर तरी काम जमते.

अडचण निर्माण होते ती तापमानामुळे. शून्य ते ७० अंश सेल्सिअस या पल्ल्यात या चिपचे शून्य सुमारे ३५ मिली-जीने सरकू शकते. सरासरीने पाहता एक अंश सेल्सिअसला अर्धा मिली-जी, म्हणजे कोनाचे जवळपास ०.०३ अंश. सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात खांबावरील पेटी दहा अंशांनी तापली, तर उतार जागचा न हलताही ०.३ अंशाचा कल नोंदला जाईल. त्याची गती तासाला ०.०५ अंश पडते. ही गती सावधगिरीच्या मर्यादेच्या पाचपट आहे. अशा यंत्राला भोंगा जोडला तर तो ऊन पडताच वाजेल. दोन-तीन वेळा गाव विनाकारण रिकामे झाले की चौथ्या वेळी कोणी घराबाहेर पडणार नाही, आणि कदाचित तीच वेळ खरी असेल. चुकीच्या इशाऱ्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते, ती अशी.

यावर उपाय आहेत. चिपच्या आतच तापमापक असतो. त्याच्या आकड्याला ३४० ने भागून ३६.५३ मिळविले की सेल्सिअसमधील तापमान मिळते. जमिनीत गाडण्यापूर्वी चिप पक्क्या पायावर ठेवून तीन-चार दिवस तापमान व कल यांची एकत्रित नोंद घ्यावी आणि त्यांच्यातील संबंधाची रेषा काढून पुढील वाचनांतून तो परिणाम वजा करावा. प्रत्येक चिपची रेषा स्वतंत्र असते. एकीची दुसरीला चालत नाही. याशिवाय संवेदक जमिनीवर न ठेवता निदान मीटरभर खोल ठोकलेल्या लोखंडी नळीत खाली बसवावा. तेथे दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, आणि वरवरच्या मातीचे फुगणे-आकसणे वा गुरांचा धक्का यांचाही उपद्रव कमी होतो. पहाटेच्या ठरावीक वेळी घेतलेली वाचने परस्परांशी ताडून पाहणे हा आणखी एक साधा व परिणामकारक मार्ग आहे.

विजेचा हिशेबही आधीच करावा लागतो. उनो फलक सुमारे ४५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी अडीच दिवसांतच संपेल. फलकाऐवजी सुटा मायक्रोकंट्रोलर वापरून त्याला दोन वाचनांच्या मधल्या काळात निद्रिस्त ठेवले, तर तीच बॅटरी कित्येक आठवडे पुरते. ऐन पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन नसते, त्यामुळे केवळ सौर पट्टीच्या भरवशावर राहणे इष्ट नाही.

एक संवेदक फक्त आपल्या जागेचे सांगतो. पन्नास मीटरवर दुसरा भाग खचत असला तरी त्याला त्याचा पत्ता नसतो, आणि उंच कड्यावरून एकाएकी सुटणारा चिखलाचा लोंढा तर कोणत्याच कलमापकाला आधी कळत नाही. म्हणूनच मुन्नारसारख्या ठिकाणी कलाबरोबर पर्जन्य व जमिनीखालील पाण्याचा दाबही मोजला जातो. शाळेच्या कलमापकाने गावाला इशारा देऊ नये. ते काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे, आणि २०२४ मध्ये कोलकाता येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्रासारख्या यंत्रणांचे आहे. परंतु शाळेमागच्या टेकडीवर मे महिन्यात तीन नळ्या ठोकून ऑक्टोबरपर्यंत दररोज पहाटेचा कल, तापमान आणि पर्जन्यमापकातील पाऊस एकाच तक्त्यात लिहिणे प्रत्येक डोंगरी तालुक्यात शक्य आहे. दुसऱ्या वर्षी त्याच नळ्या, त्याच जागी आणि त्याच चिप वापरून नोंदी पुढे चालू ठेवाव्यात. पहिल्या पावसाळ्यातील आकड्यांत माती बसण्याचा कल मिसळलेला असतो, त्यामुळे तुलना खऱ्या अर्थाने सुरू होते ती दुसऱ्या पावसाळ्यापासून.